दीडशे कॅप्टन आणि एक टॉवर

“माणूस ज्या दिवशी आकाशात उडाला, त्या दिवशी त्याच्या पायातली शेवटची बेडी गळून पडली! वैमानिकाला मालक नसतो. त्याच्या वर फक्त आकाश असतं!”

हे उद्गार कॅप्टननी स्वयंपाकघरात, स्टुलावर उभं राहून, उजवा हात छताकडे नेत काढले.

“आकाशाच्या आधी माळा आहे,” खालून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “त्यावरची बॅग काढायला तुम्हाला चढवलंय. निळी. चाकांची.”

कॅप्टननी बॅग काढून खाली दिली. ती हिरवी निघाली. ते पुन्हा चढले.

या बाईंना घरीदारी सगळे ‘टॉवर’ म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्या विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये बसून विमानं उतरवत आणि उडवत आल्या होत्या. कॅप्टनशी त्यांची ओळख झाली तीही आवाजानेच. त्या सांगत, “डावीकडे वळा,” आणि हे वळत. त्या सांगत, “थांबा,” आणि हे थांबत. असं बरेच दिवस चालल्यावर कॅप्टनना वाटलं, या आवाजाचं आपण इतकं ऐकतो तर लग्न करायला काय हरकत आहे? लग्नानंतर परिस्थितीत विशेष फरक पडला नाही. धावपट्टी तेवढी गेली.

मात्र टॉवर आपल्या नवऱ्याच्या विमानात आजवर एकदाही बसल्या नव्हत्या. नोकरीत असताना हे हवेत असले की त्या टॉवरमध्ये असायच्या. निवृत्त झाल्यावर म्हणू लागल्या, “मागे बसून मी काय करू? समोरचं दिसणार नाही आणि तुम्हाला काही सांगताही येणार नाही. त्यापेक्षा मी बसने जाईन.”

आता मात्र बॅग निघत होती. वैमानिकाला एका ठरावीक वयानंतर प्रवासी विमान चालवता येत नाही. कायदाच आहे तसा, आणि कायद्याला वाढदिवसाचं कौतुक नसतं. कॅप्टनच्या त्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांचं शेवटचं उड्डाण ठरलं होतं. कंपनीत एक जुना रिवाज होता. निवृत्त होणाऱ्या कॅप्टनने शेवटच्या दिवशी शेजारच्या खुर्चीत कोण हवं ते सांगायचं. कॅप्टननी सांगितलं, “चिमणी.”

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. त्याच कंपनीत सहवैमानिक. एका घरातली दोन माणसं एका विमानात द्यायची नाहीत असा, कोणी कधी उडायचं ते ठरवणाऱ्या रोस्टरवाल्यांचा दंडक असल्यामुळे बापलेक एकत्र कधी उडालेच नव्हते. शेवटच्या दिवसापुरती सूट मिळाली होती. चिमणी शेजारी आणि टॉवर पहिल्या रांगेत, खिडकीशी. कॅप्टनना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं. बाकीचं त्यांना मिळालं होतं किंवा त्यांनी मागणं सोडून दिलं होतं.

निळी बॅग सापडेपर्यंत दार वाजलं आणि चिमणी कामावरून आली. आली म्हणजे दारातल्या बाकावर बसली, एक बूट काढला, तो हातात घेतला आणि त्याच अवस्थेत झोपी गेली. गणवेशाची टोपी हळूहळू नाकावर आली.

“ही काय झोपायची वेळ झाली?” कॅप्टन म्हणाले.

“तिची रात्र आहे ही,” टॉवर म्हणाल्या. “कालची सकाळी झाली होती. परवाची व्हायचीच राहिली.”

कॅप्टन खाली बसले. त्यांनी तिचा दुसरा बूट काढला, हातातला सोडवून घेतला आणि दोन्ही जोडीने लावून ठेवले. शाळेतून आल्यावरही ती अशीच झोपायची. तेव्हा बूट लहान होते आणि दोनशे माणसं तिच्या भरवशावर नव्हती.

चहाच्या वासाने ती उठली आणि डोळे पूर्ण उघडायच्या आत म्हणाली, “बाबा, रविवारी सभा आहे. युनियन करायची की नाही ते ठरवायचंय. तुम्ही यायचं.”

“मी कशाला? पायलट म्हणजे काही कामगार नव्हे.”

“मग काय आहोत आपण?”

“आपण…” कॅप्टननी चहाचा घोट घेतला. “आपण व्यावसायिक आहोत.”

“पगार कोण देतं तुम्हाला?” टॉवरनी ओट्याकडूनच विचारलं.

“कंपनी.”

“रजा कोणाकडे मागता?”

“कंपनीकडे.”

“मिळते?”

कॅप्टननी कपात फुंकर मारली.

“म्हणजे कामगारच. फक्त टोपी घातलेले.”

“बाबा, दोन उड्डाणांमधली विश्रांती कमी केलीय,” चिमणी म्हणाली. “आणि आता त्यात विमानतळ ते हॉटेल हा प्रवाससुद्धा धरतात. म्हणजे मी टॅक्सीत बसले की माझी झोप सुरू.”

“मग झोपावं टॅक्सीत.”

“झोपते ना. ड्रायव्हर हलवून उठवतो. परवाचा बिचारा रडकुंडीला आला होता, त्याला वाटलं बाई गेल्या.”

“साहेबांना जाऊन सांग. त्यांच्या केबिनचं दार कायम उघडं असतं.”

“दार उघडंच असतं बाबा. आत साहेब नसतात.”

कॅप्टननी कप खाली ठेवला. “हे बघ बाळा, मी इतकी वर्षं काढली. काही अडलं की स्वतः गेलो, स्वतः बोललो. मी माझं बघितलं. ज्याने त्याने आपापलं बघावं.”

“तुम्ही गेलात तेव्हा मिळालं का?”

“चहा मिळाला,” टॉवर म्हणाल्या.

गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी साहेबांनी कॅप्टनना चहाला बोलावलं.

साहेब हे वैमानिक विभागाचे प्रमुख. एके काळी कॅप्टनच्याच शेजारी सहवैमानिक म्हणून बसलेले. पुढे त्यांना जमिनीवरच जास्त उंची गाठता येते असा शोध लागला. आवाज इतका मऊ की समोरच्याला उगाच शाल पांघरल्यासारखं वाटावं.

“या दादा, या. दार उघडंच आहे. बिस्किट घ्या. तुमच्या शेवटच्या उड्डाणाचं काय काय ठरवलंय ठाऊक आहे? विमान उतरलं की अग्निशमनच्या दोन गाड्या दोन बाजूंनी पाण्याची कमान करणार. वहिनी पहिल्या रांगेत. चिमणी शेजारी. फोटोवालाही सांगितलाय.”

“फार करताय.”

“तुमच्यासाठी नाही करायचं तर कोणासाठी? फक्त एक आहे. रविवारी पोरांची सभा आहे म्हणे. तुम्ही दोन शब्द बोला. तुमचं ऐकतात सगळे. ही युनियनबिनियन आपल्यासारख्या कुटुंबात शोभत नाही.” साहेबांनी बिस्किटांची बशी थोडी पुढे सरकवली. “नाहीतर काय होतं दादा, वातावरण बिघडलं की रोस्टरचं काही सांगता येत नाही. ऐन त्या दिवशी चिमणीला दुसरीकडे पाठवायची वेळ आली तर सगळ्यात जास्त वाईट मलाच वाटेल.”

कॅप्टननी चहा संपवला. बिस्किट मात्र त्यांच्याच्याने संपेना. ते त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि घरी आले.

“काय झालं?” टॉवरनी विचारलं.

“कुठे काय? काही नाही.”

“एक इंजिन बंद करून खाली येणाऱ्या माणसाचा आवाज असा असतो. मी ओळखते. बोला.”

कॅप्टननी सगळं सांगितलं. टॉवर ऐकत राहिल्या. त्यांच्या हातात नवे बूट होते. विमानात घालायला आणलेले, अजून खोक्यातून पुरते न निघालेले.

“मग?” त्या म्हणाल्या.

“मग काय. दोन शब्द बोलायचे.”

“कुठले?”

“ते ठरायचंय.”

रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात सभा भरली. भरली तशी लगेच बिघडली. त्यात कोणाचा दोष नव्हता, धंद्याचा होता. विमानात कॅप्टनचा शब्द शेवटचा असतो. इथे दीडशे वैमानिक होते, मनातून सगळेच कॅप्टन, आणि प्रत्येकाने आपला शेवटचा शब्द बरोबर आणला होता. कॅप्टनने डावीकडच्या खुर्चीत बसायचं ही अंगवळणी पडलेली रीत असल्यामुळे सगळे कॅप्टन सभागृहाच्या डाव्या भागात दाटीवाटीने बसले, काही भिंतीला टेकून उभे राहिले. उजवीकडे सहवैमानिक ऐसपैस पाय पसरून बसले होते. मधल्या रिकाम्या खुर्च्यांवर बसायची कोणाची छाती होईना. त्यांचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

माइक चिमणीच्या हातात होता, कारण सभा तिने आणि तिच्या बरोबरीच्या चौघांनी बोलावली होती. तिने “नमस्कार” म्हटलं आणि एवढ्यावरच तिचं भाषण संपलं.

“मुद्दा असा आहे,” मिशीवाले कॅप्टन उठून म्हणाले. त्यांच्या मिशा गणवेशाचाच भाग असाव्यात अशा कडक होत्या. “मुद्दा असा आहे की मी माझ्या अटी स्वतः ठरवतो.”

“ठरवता तुम्ही, पाळतं कोण?” कोणीतरी उजवीकडून टोमणा मारला.

“सहवैमानिकांनी मध्ये बोलू नये!”

“मग मध्ये बसायला तरी या!”

त्यानंतर सगळेच बोलू लागले. आरडाओरडा म्हणावा तर तो नव्हता. वैमानिक ओरडत नाहीत. विमानाला आग लागली तरी खालच्या पट्टीत, धीम्या लयीत, हवामानाची माहिती दिल्यासारखं बोलायची त्यांना सवय असते. दीडशे माणसं एकाच वेळी अत्यंत शांतपणे भांडत होती. डोळे मिटले तर वाटावं, दीडशे विमानं एकदम प्रवाशांचं स्वागत करताहेत. चिमणी “एकेक करून, प्लीज,” म्हणत होती. तिचं कोण ऐकतो? ती नोकरीला लागून किती दिवस झाले हे प्रत्येकाला पाठ होतं.

टॉवर शेवटच्या रांगेत शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्या नवऱ्याला सोबत म्हणून आलेल्या, सभेशी त्यांचा काही संबंध नव्हता. परंतु व्यासपीठावर आपल्या मुलीचा चेहरा त्यांना दिसला. पेन्सिल कानामागे खोचून त्या उठल्या, मधल्या मोकळ्या वाटेने सरळ चालत गेल्या आणि चिमणीच्या हातातून त्यांनी माइक घेतला.

“सर्वांना सूचना,” त्या म्हणाल्या. “बोलणं थांबवा. जागेवर थांबा.”

इथे एक खुलासा केला पाहिजे. हवेत असा नियम आहे की टॉवरने जे सांगितलं ते वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं. म्हणजे ऐकलं की नाही आणि नीट ऐकलं की नाही, दोन्ही कळतं. (संसारात हा नियम अजून लागू झालेला नाही.) शिवाय या आवाजाने समोरच्यांपैकी निम्म्या लोकांना कधी ना कधी धुक्यातून खाली आणलेलं होतं.

“जागेवर थांबतो,” मिशीवाले म्हणाले.

“जागेवर थांबतो,” दीडशे जण म्हणाले, आणि थांबले. सभागृहातला पंखा पहिल्यांदाच ऐकू आला.

“उजवीकडे, दुसरी रांग, चष्मेवाले. तुम्ही बोला. थोडक्यात.”

“चष्मेवाले, बोलतो, थोडक्यात,” तो तरुण सहवैमानिक म्हणाला आणि खरोखरच थोडक्यात बोलला. झोप मिळत नाही, रोस्टर आदल्या संध्याकाळी बदलतं, आणि तक्रार केली की पुढचं रोस्टर आणखी वाईट येतं.

“मिशीवाले, तुमचा क्रमांक दोन.”

“क्रमांक दोन.”

“मला मध्येच काही सांगायचंय!” खिडकीजवळचे एक टक्कलवाले कॅप्टन उठले.

“तुम्ही क्रमांक पाच. तोवर घिरट्या घाला.”

“घिरट्या घालतो,” टक्कलवाले म्हणाले आणि खुर्च्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत हात मागे बांधून गोल गोल फिरू लागले. त्यात काही विनोदी आहे असं कोणालाही वाटलं नाही. सगळ्यांनी आयुष्यात हेच केलं होतं.

अशी ती सभा रुळावर, म्हणजे धावपट्टीवर, आली. मिशीवाले म्हणाले, एकदा युनियन केली की कंपनी आपल्याशी परक्यासारखी वागेल. कोणी विचारलं, सध्या कशी वागते? ते म्हणाले, सध्या ओळख दाखवत नाही, पण परक्यासारखी वागत नाही. क्रमांक चारच्या बाई नुकत्याच कॅप्टन झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, सगळं पटतं, पण आपल्या हातात दबाव आणायला आहे काय? आपण मागणार आणि ते “नाही” म्हणणार. पुढे?

“क्रमांक पाच, आणखी एक घिरटी. व्यासपीठावरची मुलगी,” टॉवर म्हणाल्या. “उत्तर द्या.”

“उत्तर देते,” चिमणी म्हणाली. आईसमोर तिने इतक्या आज्ञाधारकपणे कधी उत्तर दिलेलं नव्हतं. “एका पायलटने काम थांबवलं तर कंपनी त्याला आजारी म्हणते. सगळ्यांनी थांबवलं तर चहाला बोलावते. आपल्या हातात एवढंच आहे, पण ते एकट्याच्या हातात नाही. कायद्याप्रमाणे आधी सांगून, एक दिवस. फक्त एक. ज्या दिवशी त्यांना आपली सगळ्यात जास्त गरज असेल तो.”

घिरट्या घालून दमलेले टक्कलवाले मागूनच म्हणाले, “मी हेच सांगणार होतो.” ते खाली बसले, आणि त्यांचं बसणं हेच सभेतलं सगळ्यात प्रभावी भाषण ठरलं.

हात वर झाले. युनियनच्या बाजूने निम्म्यापेक्षा बरेच जास्त होते. आपल्या कॅप्टनचा हात कानापर्यंत गेला, कान खाजवला आणि खाली आला.

“तारीख?” टॉवरनी विचारलं.

“मोठ्या सुट्टीचा पहिला दिवस!” उजवीकडून एकमुखाने उत्तर आलं. “सगळी विमानं भरलेली असतात.”

वर्षातला तोच दिवस. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त व्यासपीठावर चिमणीचा चेहरा एकदम उतरला. गेले कित्येक आठवडे ती दबाव, गरज, दिवस यांचीच गणितं मांडत होती, आणि विमानाची सगळी घड्याळं तपासून पंख पाहायचे राहावेत तसं तिचं झालं होतं. तो दिवस बाबांचा होता.

“मला वाटतं,” ती म्हणाली, “आपण पुढच्या आठवड्यात ठेवू या.”

“का?” चष्मेवाल्याने विचारलं. “परवा तूच म्हणालीस ना, एकदा लोक सुट्टीला पोचले की आपला अर्धा जोर गेला?”

“म्हणाले होते. पण… हवामान.”

“कारण नीट सांगा,” टॉवर म्हणाल्या. त्यांना कारण कळलं होतं. त्यांच्या बुटाच्या मापाचं होतं ते.

“हवामान,” चिमणी पुन्हा म्हणाली आणि पायांकडे पाहू लागली. लहानपणी फुलदाणी फोडल्यावरही तिने हवामानाचंच कारण दिलं होतं.

मग डाव्या भागातून आपले कॅप्टन उठले.

“टॉवर, बोलू का?”

“बोला, कॅप्टन.”

“बोलतो.” त्यांनी खिशात हात घातला. चष्मा काढायचा होता, रुमाल निघाला आणि त्यातून बिस्किटाचा चुरा सांडला. तो पायाने थोडा बाजूला करून ते म्हणाले, “मला साहेबांनी चहाला बोलावलं होतं. माझं शेवटचं उड्डाण माझ्यासमोर बशीत ठेवलं, बिस्किटांच्या शेजारी. म्हणाले, दोन शब्द बोला आणि घेऊन जा. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, मी माझं बघतो. त्या दिवशी कळलं, मी माझं बघत होतो तेव्हा साहेबही माझंच बघत होते. एकटा होतो ना. एकटा माणूस बघायला सोपा.”

मिशीवाल्यांनी मिशीला हात लावला आणि काढून घेतला. साहेबांचा चहा त्यांनीही प्यायला होता.

“आता तारीख. चिमणी ती हवामानामुळे हलवत नाहीये, माझ्यामुळे हलवतेय. त्या दिवशी माझं शेवटचं विमान आहे, ती माझ्या शेजारी बसणार आहे. आमच्या घरातली तिसरी व्यक्तीही येणार होती.” त्यांनी माइककडे पाहिलं नाही. “उडताना एक वेग येतो, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आत थांबायचं असेल तर थांबा. तो ओलांडला की ब्रेकवर पाय न्यायचा नाही, जायचंच. तुम्ही आत्ताच हात वर केलेत. वेग ओलांडला. आता माझ्यासाठी कोणी ब्रेक लावू नका. मी भरपूर उडालोय.”

“बाबा,” चिमणी म्हणाली, माइकशिवाय.

“तू गप्प. तुझा क्रमांक नाही.”

सगळे टॉवरकडे पाहू लागले. नोकरीत असताना या बाई बोलताना कधी अडखळल्या नव्हत्या. एकदा भूकंपात टेबल हलत असताना त्यांनी तीन विमानं उतरवली होती आणि नंतर चहा सांडल्याची तक्रार केली होती. आता मात्र माइकमधून नुसता त्यांचा श्वास येत राहिला.

“कॅप्टन,” त्या शेवटी म्हणाल्या, “नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.”

“माझं उड्डाण रद्द. तारीख कायम.”

“तुमचं उड्डाण रद्द,” टॉवर म्हणाल्या. “तारीख कायम.”

नवऱ्याचं म्हणणं त्यांनी परत म्हणून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. तारखेला हात वर झाले तेव्हा मात्र कॅप्टनचा हात सरळ वर होता. शेजारी मिशीवाल्यांचाही होता. त्या दोन हातांत उंचीवरून थोडी चुरसच लागली.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे वैमानिक विमानतळाच्या दारापुढच्या फुटपाथवर गणवेश घालून ओळीने उभे राहिले. घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, कारण तालमीत घोषणा खालच्या पट्टीत, धीम्या लयीत निघाल्या होत्या आणि ऐकणाऱ्याला पट्टा बांधावासा वाटत होता. कॅप्टन इस्त्री करून आले होते. गणवेश घालायचा त्यांचा हा शेवटचा दिवस. चिमणी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली, जशी विमानात बसली असती तशीच. इतकी छान टोपी घातलेला माणूस सापडल्यामुळे येणारेजाणारे सारखे त्यांनाच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत होते. कॅप्टन प्रत्येकाला अंतर आणि दिशा यांसकट सांगत होते. एका चिडलेल्या आजींनी मात्र विचारलं, “तुम्हाला लाज नाही वाटत?” ते म्हणाले, “वाटते हो आजी. पण या मुलीला झोप मिळत नाही, आणि परत येताना तुमचं विमान हीच चालवणार आहे.” आजींनी चिमणीकडे नीट निरखून पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “जा बाई, झोप जा आधी.”

कॅप्टनचं विमान काचेपलीकडे उभं होतं. त्याच्या सुटायच्या वेळी कॅप्टननी घड्याळात पाहिलं नाही. चिमणीने पाहिलं, आणि त्यांच्या बाहीला हात लावून तिथेच ठेवला.

दुपारी साहेब आले. इतकी वर्षं उघड्या असलेल्या त्या दारातून ते पहिल्यांदाच बाहेर आले असावेत, कारण उन्हात त्यांना डोळे उघडवेनात. कंपनी युनियनशी बोलायला तयार होती. उद्यापासून, सगळ्यांशी एकत्र, विश्रांतीच्या तासांपासून सुरुवात करून. विमानंही उद्या सकाळपासून सुटणार.

“उद्या,” साहेब कॅप्टनना म्हणाले. आवाज मऊच होता, पण शालीला आता भोकं पडली होती. “दादा, उद्या तुमचा…”

“वाढदिवस,” कॅप्टन म्हणाले. “माहीत आहे मला.”

टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, मिशीवाले रडले आणि त्यांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या. नंतर कॅप्टन, चिमणी आणि दिवसभर कडेला शब्दकोडं सोडवत बसलेल्या टॉवर असे तिघं वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर आपल्या गाडीपाशी आले. तिथून धावपट्टी दिसत होती. रिकामी होती. चिमणीने किल्ली मागितली. कॅप्टननी दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. टॉवर मागे बसल्या, खिडकीशी. पायात नवे बूट होते.

चिमणीने गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही.

“बाबा, प्रवाशांना काही सांगणार नाही का?”

“कुठले प्रवासी?”

“मागे एक आहेत.”

कॅप्टननी घसा साफ केला. टोपी सरळ केली. मग समोर रिकाम्या धावपट्टीकडे पाहत, खालच्या पट्टीत, धीम्या लयीत त्यांनी सुरुवात केली.

“नमस्कार. मी आपला कॅप्टन बोलतोय. आजच्या प्रवासात आपलं स्वागत. आपण घरापर्यंत जाणार आहोत. वाटेत दोन सिग्नल आणि एक खड्डा लागेल. हवा स्वच्छ आहे. आजचं विमान माझी सहवैमानिक चालवतेय. ती माझी मुलगी आहे. तिची झोप झालेली नाही, पण आता होईल, याची व्यवस्था आजच करण्यात आली आहे.”

चिमणीने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि समोर बघत राहिली.

“आज विमानात एकच प्रवासी आहेत. या बाईंनी मला इतक्या वेळा खाली आणलंय की मी मोजणं सोडून दिलं. वादळातून आणलं, धुक्यातून आणलं. एकदा तर मला वाटलं होतं संपलं सगळं, आणि कानात यांचा आवाज आला, ‘दिसताय तुम्ही मला, या.’ यांना मी मात्र कधी कुठे नेलं नाही. आज न्यायचं होतं. जमलं नाही. यांनी त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. फक्त माझं म्हणणं परत म्हणून दाखवलं. तर या निमित्ताने मला त्यांना जे इतकी वर्षं रेडिओवर बोलता आलं नाही, कारण सगळा विमानतळ ऐकत होता, ते आज…”

मागच्या सीटवरून टॉवरनी हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर, चार सोनेरी पट्ट्यांवर ठेवला.

“बोला,” त्या म्हणाल्या. “ऐकतेय.”

कॅप्टननी मान वळवली, तोंड उघडलं, आणि एवढ्यात त्यांच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर घामाघूम झालेला एक गृहस्थ वाकून उभा होता. त्याच्या मागे त्याची गाडी वाटेत आडवी होती, तिच्यात भरपूर माणसं बसली होती आणि त्यांतली दोन भांडत होती. कॅप्टननी काच खाली केली.

“काका, निघताय ना तुम्ही?” तो म्हणाला. “मग जरा पटकन काढता का गाडी? मला लावायचीय.”